आहे तोच फोन: अधिक काळ, अधिक कामाचा

नवा फोन घेताना ग्राहक जी कारणे सांगतात त्यांत चार कारणे हमखास असतात: बॅटरी टिकत नाही, जागा उरलेली नाही, फोन संथ झाला आहे आणि फोटो पूर्वीसारखे येत नाहीत. यांपैकी पहिल्या तीन तक्रारींचा संबंध यंत्राच्या वयापेक्षा ते कसे वापरले गेले याच्याशी अधिक असतो, आणि चौथीचे मूळ पुष्कळदा कॅमेऱ्याच्या भिंगावर बोटांनी चढलेल्या तेलकट थरात असते, जो मऊ सुती कापडाने पुसला की निघून जातो. तीन-चार वर्षे वापरलेला फोन आता टाकाऊ झाला असे मानण्याआधी त्याच्या आत काय चालते याची थोडी माहिती करून घेतली, तर तोच फोन आणखी काही वर्षे उत्तम साथ देऊ शकतो. शिवाय ज्या सोयींसाठी नवा फोन घ्यायचे चालले होते, त्यांतल्या कित्येक त्यात पहिल्या दिवसापासूनच होत्या असेही लक्षात येते.

त्या सोयी नजरेआड राहतात, याचे कारण फोनच्या मूळ मांडणीत आहे. कारखान्यातून बाहेर पडताना फोनमधील प्रत्येक सोय चालू ठेवायची की बंद, हे आधीच ठरवून दिलेले असते, आणि या आयत्या मांडणीला तंत्रज्ञ ‘डिफॉल्ट’ म्हणतात. ही मांडणी करताना निर्माता सरासरी ग्राहकाचा विचार करतो, तसा स्वतःच्या आणि जाहिरातदारांच्या सोयीचाही करतो. त्यामुळे अकोल्याच्या उन्हात दिवसभर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला, मराठीतून सगळा पत्रव्यवहार करणाऱ्या ग्रामसेवकाला किंवा डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीला ती जशीच्या तशी सोयीची पडेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. ‘सेटिंग्ज’ नावाचे दालन प्रत्येक फोनमध्ये असते, परंतु वाय-फायचा पासवर्ड टाकण्यापलीकडे तेथे फारसे कोणी फिरकत नाही.

बॅटरीचा विचार सर्वांत आधी करावा लागतो, कारण फोनमधील इतर बहुतेक भाग वर्षानुवर्षे फारसे न झिजता टिकतात, बॅटरी मात्र पहिल्या दिवसापासून म्हातारी होऊ लागते. आजच्या फोनमधील बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. ती १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने प्रथम बाजारात आणली आणि तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत दोन टोके असतात. चार्जिंग सुरू असताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, आणि फोन वापरात असताना तेथून परत फिरतात. ही ये-जा म्हणजेच बॅटरीचे भरणे आणि उतरणे. प्रत्येक फेरीत थोडेसे लिथियम ग्राफाइटच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या एका पातळ थरात कायमचे अडकून पडते, त्यामुळे परत येणाऱ्या आयनांची संख्या हळूहळू घटते आणि सुरुवातीला दिवसभर पुरणारी बॅटरी काही वर्षांनी दुपारीच मान टाकते. ही झीज थांबवता येत नाही, पण तिचा वेग मात्र वापरणाऱ्याच्या हातात असतो, आणि तो वाढवणाऱ्या दोन मुख्य गोष्टी आहेत: उष्णता, आणि बॅटरी काठोकाठ भरलेल्या अवस्थेत दीर्घकाळ राहणे.

येथे एक जुना समज दूर करणे आवश्यक आहे. फोन पूर्ण उतरू द्यावा आणि मगच शंभर टक्के भरावा, हा सल्ला निकेल-कॅडमियम या आधीच्या पिढीतील बॅटऱ्यांपुरता खरा होता, कारण अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्यास त्यांची क्षमता घटल्यासारखी दिसत असे. लिथियम-आयन बॅटरीला हा दोष नाही. उलट ती पूर्ण उतरवणे आणि पूर्ण भरणे या दोन्ही टोकांना तिच्यावर अधिक ताण येतो, आणि साधारण वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ती सर्वाधिक सुखात असते. दिवसातून दोन-तीनदा थोडे थोडे चार्जिंग केल्याने ‘चक्रे’ वाढतात ही भीतीही निराधार आहे, कारण एक चक्र म्हणजे एकदा चार्जर लावणे नव्हे, तर एकूण शंभर टक्के वीज वापरली जाणे होय. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास टक्के वापरले तर दोन दिवसांचे मिळून एक चक्र होते. आयफोन १५ पासूनच्या मॉडेलांत, तसेच सॅमसंग आणि गूगल पिक्सेलच्या अनेक फोनमध्ये, बॅटरी ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये दिलेला आहे. ज्यांचा दिवस घरी किंवा कार्यालयात, चार्जर हाताशी असताना जातो, त्यांनी तो चालू ठेवावा. ज्यांना सकाळी निघून रात्री परतायचे असते, त्यांनी मात्र शंभर टक्के भरून निघावे, कारण बॅटरी माणसासाठी असते, माणूस बॅटरीसाठी नव्हे. रात्रभर फोन चार्जिंगला राहिल्याने तो जळत नाही, त्यातील नियंत्रक सर्किट भरणे थांबवते. पण उशीखाली किंवा गादीवर ठेवलेला फोन रात्रभर पूर्ण भरलेल्या आणि गरम अवस्थेत पडून राहतो, म्हणजे झीज वाढवणाऱ्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

उष्णतेचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष गंभीर आहे. ॲपल कंपनी आपले फोन शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरण्याची शिफारस करते, तर चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आतले तापमान त्याहूनही पुष्कळ वर चढते. अशा मोटारीत काचेमागे ठेवलेला, नकाशा दाखवत आणि त्याच वेळी चार्जही होत असलेला फोन हे बॅटरीचे आयुष्य घटवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन आहे. फोन एसीच्या झोताजवळ लावणे, जलद चार्जिंग सुरू असताना जाड कव्हर काढून ठेवणे आणि चार्जिंग चालू असताना खेळ किंवा दीर्घ व्हिडिओ कॉल टाळणे, एवढ्या तीन सवयींनी बरेच काही साधते. दुचाकीच्या हँडलला फोन अडकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोटो हलू नये म्हणून अनेक फोनच्या कॅमेऱ्यात भिंग अधांतरी तोलून धरणारी एक सूक्ष्म रचना असते, आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांनी ती बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने २०२१ मध्ये दिला आहे. रस्ता कानात घातलेल्या एका इअरफोनवरून किंवा हेल्मेटमधल्या स्पीकरवरून ऐकून, फोन खिशात ठेवणे कॅमेऱ्याच्या हिताचे, आणि नजर रस्त्यावर राहत असल्याने चालवणाऱ्याच्याही.

बॅटरी वाचवण्याच्या म्हणून ज्या युक्त्या प्रचलित आहेत त्यांतल्या काही निरुपयोगी आहेत. अलीकडे उघडलेली ॲप बोटाने सारून एकामागून एक बंद करण्याची सवय पुष्कळांना असते. प्रत्यक्षात त्या यादीतील बहुतेक ॲप गोठवलेल्या अवस्थेत असतात, आणि ती पूर्ण बंद करून पुन्हा नव्याने उघडण्यात अधिक वीज जाते. काळ्या पार्श्वभूमीचा, म्हणजे ‘डार्क मोड’चा लाभ ओलेड पडद्यांवरच मिळतो, कारण अशा पडद्यावर काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका असतो. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये केलेल्या मोजमापांनुसार पडद्याचा उजेड तीस ते पन्नास टक्के असताना ही बचत सरासरी ३ ते ९ टक्के एवढीच होते, उजेड पूर्ण ठेवला तर मात्र ती ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे घरात उजेड कमी ठेवणे हाच मुख्य उपाय, आणि उन्हात उजेड वाढवावाच लागला तर काळी पार्श्वभूमी खरोखर कामाची. दुसरा मोठा खर्च दुर्बळ नेटवर्कचा आहे. टॉवर दूर असला की फोन अधिक शक्तीने संदेश पाठवतो आणि सतत नवा टॉवर शोधत राहतो, म्हणून कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून किंवा घाटरस्त्याने जाताना काहीही न करता बॅटरी उतरते. अशा टप्प्यात ‘एअरप्लेन मोड’ चालू करणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

हे सर्व करूनही एक दिवस बॅटरी थकते. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता टक्क्यांत पाहता येते, आणि ती ऐंशीच्या खाली गेली की बॅटरी बदलण्याचा विचार करावा असा सर्वसाधारण संकेत आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमांत नव्या फोनच्या बॅटरीने ८०० चक्रांनंतरही किमान ऐंशी टक्के क्षमता राखली पाहिजे अशी अट घातली आहे, यावरून आजच्या बॅटरीकडून किती अपेक्षा बाळगावी याचा अंदाज येतो. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलून घेण्याचा खर्च नव्या फोनच्या किमतीपुढे थोडाच असतो, आणि फोनवर होणाऱ्या सगळ्या खर्चांत हाच खर्च सर्वाधिक लाभाचा आहे. अपवाद एकच: बॅटरी फुगून फोनची पाठ किंवा पडदा उचलला गेला असेल, तर तो फोन एक दिवसही वापरू नये, चार्ज करू नये आणि दाबून बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

चार्जर ढिला बसू लागला की पिन खराब झाली असे समजून दुकान गाठले जाते. पण पुष्कळदा खिशात राहणाऱ्या फोनच्या चार्जिंगच्या खाचेत कापडाचे तंतू आणि धूळ साचून त्यांचा घट्ट थर तळाशी दाबला जातो, आणि केबल पूर्ण आत जात नाही; फोन बंद करून, सुक्या लाकडी टूथपिकने तो थर अलगद सैल करून बाहेर काढला की केबल पूर्वीसारखी टक् आवाज करून बसते. धातूची सुई किंवा टाचणी वापरू नये. पावसात भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा घरगुती उपायही सोडून दिलेला बरा, कारण तांदळाचे बारीक कण खाचेत शिरून अपाय करू शकतात असे ॲपलने आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. खाच खाली करून हलकेच पाणी झटकावे आणि फोन हवेशीर जागी कोरडा होऊ द्यावा, तोवर चार्जर लावू नये.

संथपणाची तक्रार बहुधा जागेच्या तक्रारीतूनच जन्मते. फोनमधील साठवण ‘फ्लॅश’ प्रकारची असते, आणि तिच्यात जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एक पूर्ण खण पुसावा लागतो आणि मग तेथे लिहावे लागते. रिकामे खण भरपूर असले की हे काम सावकाश, मागच्या मागे होत राहते, पण साठवण भरत आली की प्रत्येक फोटोसाठी फोनला आधी जागेची आवराआवर करावी लागते आणि ती वापरणाऱ्याला अडखळण्याच्या रूपात जाणवते. म्हणून एकूण जागेपैकी दहा-पंधरा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी.

मराठी घरांतील फोनमध्ये ही जागा कोणी व्यापली आहे, याचा शोध घेतला तर तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपपाशी येऊन थांबतो. सोसायटीचा गट, भाऊबंदांचा गट, शाळेच्या बॅचचा गट आणि कार्यालयाचा गट अशा चार ठिकाणी आलेला सुप्रभाताचा एकच व्हिडिओ फोनच्या फोटोसंग्रहात चार वेळा दिसू शकतो, कारण आलेले प्रत्येक चित्र आपोआप उतरवून घ्यायचे अशी या ॲपची मूळ मांडणी आहे. ‘स्टोरेज अँड डेटा’ या विभागात जाऊन मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग या तिन्ही स्थितींसाठी हे आपोआप उतरवणे बंद करता येते, आणि मग ज्या चित्रावर बोट ठेवले जाईल तेवढेच फोनमध्ये येते. त्याच विभागातील ‘मॅनेज स्टोरेज’ हा पर्याय ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेक वेळा पुढे ढकलले गेलेले संदेश वेगळे काढून दाखवतो. बहुतेक फोनमध्ये या दोन याद्या साफ केल्या तरी कित्येक जीबी जागा मोकळी होते, आणि त्यात घरच्यांचे स्वतः काढलेले फोटो सहसा सापडत नाहीत.

जागा मोकळी करण्याच्या घाईत मौल्यवान फोटो जाऊ नयेत यासाठी दोन कल्पनांमधील फरक समजून घेणे फार महत्त्वाचे आहे. फोनमधील फोटो गूगल फोटोजसारख्या सेवेशी जोडलेले असले म्हणजे त्यांची सुरक्षित प्रत झाली असे अनेक जण मानतात, परंतु ही व्यवस्था मुख्यतः ‘सिंक’, म्हणजे दोन ठिकाणचा संग्रह एकसारखा ठेवणारी, असते. त्या ॲपमध्ये फोटो पुसला की तो फोनमधूनही जातो आणि दूरच्या संगणकावरूनही. कचरापेटीत तो साठ दिवस राहतो आणि मग कायमचा नष्ट होतो. फक्त फोनमधील जागा मोकळी करायची असेल तर त्या ॲपमधील ‘फ्री अप स्पेस’ हाच पर्याय वापरावा, कारण तो वर पोहोचलेल्या फोटोंची फोनमधील प्रत तेवढी काढतो. खरी ‘बॅकअप’ म्हणजे एक जागा बिघडली, चोरीला गेली किंवा चुकून पुसली गेली तरी दुसरी अबाधित राहील अशी स्वतंत्र प्रत. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम या बाबतीत आजही प्रमाण मानला जातो: महत्त्वाच्या फायलीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर असावी. फोनमध्ये एक, घरच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर दुसरी आणि इंटरनेटवरच्या साठवणीत तिसरी, एवढी साधी रचना कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखी आहे.

इंटरनेटवरच्या साठवणीलाही मर्यादा आहेत. गूगल प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा विनामूल्य देते, ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांत मिळून वापरली जाते. १ जून २०२१ पासून नवे फोटो या मोजणीत धरले जातात आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपची प्रतही. ही जागा भरली की नवी ईमेलसुद्धा येईनाशी होते. शिवाय दोन वर्षे अजिबात न वापरलेले वैयक्तिक खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने स्वीकारले आहे, आणि याचा सर्वाधिक फटका दिवंगत आई-वडिलांच्या खात्यात राहिलेल्या फोटोंना बसू शकतो. गूगलच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ या सोयीतून आणि आयफोनच्या ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ या पर्यायातून, आपल्या पश्चात आपला संग्रह कोणाच्या हाती जावा हे हयातीतच नोंदवून ठेवता येते. घराच्या आणि ठेवींच्या वारसांचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी हा विचारही तितक्याच गांभीर्याने करायला हवा.

मराठी भाषकांच्या फोनमधील सर्वांत दुर्लक्षित सोय म्हणजे मराठी. देवनागरी लिपी युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि त्यामुळे पुण्यात लिहिलेला मजकूर लंडनच्या फोनवर जसाच्या तसा दिसतो, शोधता येतो. तरीही असंख्य लोक रोमन अक्षरांत मराठी लिहितात, कारण देवनागरी कळफलक अवघड वाटतो. ही अडचण दोन मार्गांनी सुटते. पहिला मार्ग बोलून लिहिण्याचा: गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसाठी ही सोय सुरू केली, आणि कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबून शांत जागी, सावकाश, पूर्ण वाक्ये उच्चारली तर ती पुरेशी अचूक उमटतात, मागाहून विरामचिन्हे आणि विशेषनामे तेवढी तपासावी लागतात. दुसरा मार्ग इन्स्क्रिप्ट या भारतीय मानक कळफलकाचा, ज्यात स्वर डावीकडे आणि व्यंजने उजवीकडे असतात. तो बोटांत बसायला काही आठवडे लागतात, पण पुढे संगणकावर आणि फोनवर एकाच सवयीने लिहिता येते.

शुद्ध लिहिण्याच्या दृष्टीने एक बारकावा सांगण्यासारखा आहे. वऱ्हाड, दऱ्या, सुऱ्या अशा शब्दांतील अर्धा र साध्या र पासून तयार होत नाही. र, हलन्त आणि य लिहिले की रफार होऊन ‘दर्या’ उमटते आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होऊन बसतो. येथे ऱ हे नुक्त्याचे अक्षर घ्यावे लागते, जे इन्स्क्रिप्टमध्ये र च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळते आणि फोनच्या बऱ्याच कळफलकांवर र दाबून धरला की दिसते. म्हणजे वऱ्हाडसाठी क्रम असा: व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात लघुरूपे नोंदवण्याची सोयही अशीच उपयुक्त आहे. ‘पत्ता’ टाइप केले की पूर्ण पत्ता सुचावा, किंवा ‘सनवि’ लिहिताच ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’ हा मायना यावा, अशी योजना एकदा करून ठेवली की रोजचे लेखन पुष्कळ हलके होते. छापील मराठी मजकुराचा फोटो काढून गूगल लेन्सद्वारे त्यातील अक्षरे निवडता आणि नकलता येतात, तर पडद्यावरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी सोय अँड्रॉइडच्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ विभागात असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा वाचनाचा थकवा येणाऱ्या ज्येष्ठांना कोणी तरी एकदा ती लावून दिली, तर वृत्तपत्र त्यांच्यापासून दुरावत नाही.

प्रवासापूर्वी गूगल मॅप्समध्ये त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. फोनची स्थाननिश्चिती सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील जीपीएस उपग्रहांचे संकेत ग्रहण करून होते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. नेटवर्क नसलेल्या घाटात थांबतो तो नकाशा, स्थान नव्हे. सूचनांच्या बाबतीतही असाच एक अल्पपरिचित पर्याय आहे: २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक ॲपच्या सूचना प्रकारवार वेगळ्या करता येतात, त्यामुळे नको असलेली सूचना दाबून धरली की बँकेच्या जाहिराती बंद ठेवून व्यवहाराच्या सूचना चालू ठेवता येतात. सगळ्या सूचना एकदम बंद करून पुढे महत्त्वाचा संदेश चुकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा आहे. अँड्रॉइड १२ आणि त्यापुढील फोनमध्ये ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ उघडला तर गेल्या चोवीस तासांत कोणत्या ॲपने माइक, कॅमेरा आणि ठावठिकाणा केव्हा वापरला हे वेळेसह दिसते. विजेरीच्या किंवा पंचांगाच्या ॲपला संपर्कयादी कशासाठी हवी, असा प्रश्न त्या यादीपाशी प्रत्येकाने विचारावा आणि समाधानकारक उत्तर नसेल तर परवानगी काढून घ्यावी.

फोन चोरीला गेल्यावर होणारे नुकसान यंत्राच्या किमतीपुरते राहत नाही, कारण बँकेचे ओटीपी त्याच फोनवर येतात. पडद्याला कुलूप असले तरी चोर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि ओटीपी तेथे येऊ लागतात. या वाटेवर अडसर घालणारी सोय सिमकार्डातच आहे, ती म्हणजे सिमचा स्वतंत्र पिन. तो लावला की फोन सुरू होताना किंवा सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर आधी पिन विचारला जातो आणि तीन वेळा चुकला की सिम अडते, मग कंपनीकडून मिळणाऱ्या आठ अंकी पीयूके क्रमांकाशिवाय ते उघडत नाही. मूळ पिन कोणता हे सेवा देणाऱ्या कंपनीला विचारूनच ही सोय चालू करावी, अंदाजाने आकडे घालून पाहू नयेत. कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसू न देण्याचा पर्यायही त्याच वेळी निवडावा, नाहीतर ओटीपी वाचण्यासाठी चोराला कुलूप उघडण्याचीही गरज पडत नाही. प्रत्येक फोनला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी ओळखक्रमांक असतो, जो *#०६# दाबल्यावर दिसतो. तो कागदावर लिहून घरी ठेवला असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवून केंद्र शासनाच्या संचार साथी या संकेतस्थळावरून, जेथे ही व्यवस्था मे २०२३ पासून देशभर उपलब्ध आहे, चोरीचा फोन भारतातील सर्व नेटवर्कवर बंद पाडता येतो. पैशांची फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवले जाईल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता अधिक असते.

शेवटी फोन बदलण्याची वेळ येतेच, आणि तेव्हाही काही कामे क्रमाने करावी लागतात: आधी प्रती सुरक्षित झाल्याची खात्री, मग गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडणे, आणि त्यानंतर ‘फॅक्टरी रीसेट’, म्हणजे फोन मूळ कोऱ्या अवस्थेत नेणे. खाते न काढता रीसेट केलेला फोन चोरीचा समजून नव्या मालकाला जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो. चालू स्थितीतील जुना फोन घरातल्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी किंवा आजोबांना रेडिओ आणि कीर्तने ऐकण्यासाठी देता येतो. जो कोणाच्याच उपयोगाचा उरला नाही तो, आणि विशेषतः त्याची बॅटरी, घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबला जाताना लिथियम बॅटरी फुटून पेट घेते. ई-कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत केंद्रावर किंवा निर्मात्याच्या संकलन केंद्रावरच तो द्यावा.